चहा आपोआप होत नाही

मराठी घरातल्या सकाळचं पहिलं वाक्य बहुधा ‘चहा झाला का?’ हेच असतं. व्याकरणाने पाहिलं तर या वाक्यात कर्ता चहा आहे. पाऊस पडतो, फूल उमलतं, तसा चहा होतो. घरकामाबद्दलची आपली बहुतेक वाक्यं याच घडणीची. दूध येतं, कचरा जातो, गॅस संपतो, टाकी भरते, कपडे वाळतात, कुकर होतो. या प्रत्येक क्रियापदामागे कुणीतरी माणूस पदर खोचून किंवा बाह्या सारून उभा असतो, पण वाक्यात त्याला जागा नसते. कर्त्याची चौकशी होते ती फक्त दूध उतू गेल्यावर. ‘दूध कुणी ठेवलं होतं?’ तर अशा बिनकर्त्याच्या वाक्यांवर पन्नाशीपर्यंत सुखाने जगलेला गृहस्थ एक दिवस कॉलेजातल्या मित्राला फोन करतो, दोघं मिळून परदेशात कॅम्परव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतात आणि समुद्र-डोंगर पाहत पंधरा दिवस हिंडायचं ठरवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवरावरचं धुकं विरून बर्फाची शिखरं दिसू लागतात, तेव्हा एका पांघरुणातून प्रश्न येतो, ‘चहा झाला का?’ आणि त्याच क्षणी दुसऱ्या पांघरुणातूनही तोच. माझं म्हणणं असं, की कॅम्परव्हॅनचा प्रवास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. वाक्यातून हरवलेला कर्ता शोधायला लावणारी ही चार चाकांची शाळा आहे, आणि समुद्र-डोंगर हे तिच्या माहितीपत्रकावरचं चित्र.

चित्र मात्र अस्सल हवं, नाहीतर एवढी फी कोण भरणार? म्हणून उदाहरणादाखल न्यूझीलंडचं दक्षिण बेट घेऊ, कारण कॅम्परव्हॅनवाल्यांची ती पंढरी आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण निम्मं, वस्ती मात्र जेमतेम बारा लाख. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसं अर्ध्या महाराष्ट्रात पसरलेली. मधोमध सदर्न आल्प्सचा कणा, त्यात ३७२४ मीटरचा आओराकी माउंट कुक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पश्चिमेला पर्वताचे पाय थेट टास्मान समुद्रात. सकाळी समुद्रकिनारा आणि दुपारी हिमनदी, असं एकाच दिवसात पदरात पडतं. वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्या माणसाला आत्मविश्वास येतो. तो पहिल्या एकपदरी पुलापर्यंत टिकतो. तिथे पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी येऊ देऊन आपण थांबायचं. हॉर्न न वाजवता, दिव्याची उघडझाप न करता, कुणीही पाहत नसताना थांबायचं. घरकामाच्या शाळेतला हा पहिला धडा: दुसऱ्याचीही पाळी असते.

या प्रवासप्रकाराचा इतिहासच माझ्या बाजूने साक्ष देतो. केवळ हौसेसाठी फिरतं घर बांधून घेणाऱ्या पहिल्या लोकांत गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टराचं नाव घेतात. १८८५ साली त्यांनी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी करवून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिणेतून थेट स्कॉटलंडपर्यंत ते हिंडून आले. पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. मोकळं आकाश, मोकळा रस्ता, हवं तिथे मुक्काम, अशी ती सगळी मौज. पण गाडीत कोण कोण होतं ते पाहा. एक कुत्रा, एक काकाकुवा, घोडे सांभाळायला गाडीवान आणि साहेबांची कामं करायला एक नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का तेही पाहून येई. म्हणजे साहेब मुक्त होते, कारण त्यांचा चहा होत होता. पुढे मोटार आली, १९५१ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या डब्यात पलंग आणि कपाट बसवून मिळू लागलं आणि ही मौज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गाडीत जागा करताना गाडीवान आणि नोकर तेवढे उतरवले गेले. त्यांचं काम उतरवायचं मात्र राहून गेलं. आज दोन मित्र हिंडतात तेव्हा स्टेबल्ससाहेबांच्या खुर्चीवर दोघंही बसलेले असतात आणि सायकल रिकामी असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वातंत्र्याचा. हॉटेलचं बुकिंग नाही, नाश्त्याची वेळ नाही, मनात येईल तिथे गाडी उभी केली की झालं. ‘की झालं’ हे पुन्हा तेच बिनकर्त्याचं वाक्य, हे सोडून देऊ. न्यूझीलंडमध्ये या मुक्कामाला ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात आणि त्या स्वातंत्र्याचा २०११ सालचा स्वतंत्र कायदा आहे. २०२३ साली तो आणखी कडक झाला. स्थानिक कौन्सिलच्या जागेत गाडीत झोपायचं, तर सर्वसाधारणपणे गाडी ‘स्वयंपूर्ण’ असल्याचं प्रमाणपत्र लागतं, संडास गाडीतच पक्का बसवलेला लागतो, आणि काचेवर त्याची हिरवी खूण. स्वयंपूर्ण म्हणजे किती, याचंही गणित ठरलेलं आहे: माणशी रोज ४ लिटर स्वच्छ पाणी, असं निदान तीन दिवस पुरेल एवढं, आणि जितकं पाणी आत, तितकंच सांडपाणी साठवायची सोय. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. म्हणजे घरी शॉवरखाली गाणं म्हणणारा माणूस तिथे १३१ लिटरनी खाली येतो आणि गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत नळ बंद करतो. संडासाची मापं काढणाऱ्यांना तर हेही लिहून ठेवावं लागलं, की गाडीतलं अंथरूण घातलेलं असतानाही तो वापरता आला पाहिजे. कायद्याने एखादी गोष्ट सांगावी लागते, तेव्हा आधी कुणाची तरी रात्र वाईट गेलेली असते. स्वातंत्र्य आहे, नाही असं नाही. पण ते टाकीच्या मापाचं आहे.

आता ती टाकीच जरा जवळून पाहू. गाडीत पाण्याच्या तीन जागा असतात: पिण्याच्या पाण्याची टाकी, मोरीतल्या सांडपाण्याची टाकी आणि तिसरी, जिला सभ्य लोक ‘कॅसेट’ म्हणतात. या शब्दाने आपल्या पिढीच्या मनात जुनी गाणी वाजू लागतात, त्यामुळे सुरुवातीला फसगत होते. ही कॅसेट म्हणजे अठरा-वीस लिटरचा चपटा डबा. गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं दार असतं, ते उघडून कॅसेट ओढून काढायची. तिला विमानतळावरच्या बॅगेसारखी चाकं आणि ओढायचा दांडा असतो, आणि चालणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव मात्र विमान चुकल्याचा. ‘डंप स्टेशन’ नावाच्या जागी ती न्यायची, तोटी बाहेर वळवायची, टोपण काढायचं आणि ओतताना अंगठ्याने एक बटण दाबून धरायचं. हे बटण हवेसाठी असतं. ते विसरलं तर डबा घुटके घेत, गुडगुडत, उसळत रिकामा होतो, आणि विसरणारा ते पुन्हा आयुष्यात विसरत नाही. तिथे दोन नळ असतात. एक पिण्याचं पाणी भरायचा, एक कॅसेट विसळायचा. दोन्हींवर ठळक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, आणि आयुष्यात एकही सूचनाफलक न वाचलेला माणूस तिथे दोन्ही पाट्या दोनदा वाचतो. कॅसेट भरल्याची खूण म्हणून आत एक लाल दिवा लागतो. या दिव्याचा आणि मित्राला त्याच वेळी घरून महत्त्वाचा फोन येण्याचा संबंध विज्ञानाने अजून तपासलेला नाही.

घरी हेच सगळं होत असतं, फक्त भिंतीच्या पलीकडे. नळातून येतं ते कुठून आणि मोरीतून जातं ते कुठे, हे प्रश्न घर आपल्याला पडूच देत नाही. घर म्हणजे मुळात कामं लपवून ठेवायची इमारत. कॅम्परव्हॅनमध्ये लपवायला जागाच नाही. अंथरुणाचं घ्या. दिवसा जेवायला जे टेबल असतं, त्याचा पाय काढायचा, फळी दोन बाकांच्या मधल्या खाचेत बसवायची, पाठीच्या उशा त्यावर जिगसॉसारख्या मांडायच्या, म्हणजे पलंग तयार होतो. एक उशी दर वेळी उरते. याचा अर्थ असा, की एकाला झोप आली आणि दुसऱ्याला अजून बसायचं असेल, तर बसायला जागा नाही. आणि एकाला सकाळी सहाला चहा हवा असेल, तर टेबलावर दुसरा झोपलेला आहे. शिवाय निघण्याआधी प्रत्येक कपाटाची खिटी लावायची असते. ती कुणी लावली नाही, हे पहिल्या वळणावर पातेलं सांगतं. घरात अशा वेळी ‘खिटी राहिली वाटतं’ असं म्हणून वर्तमानपत्रात डोकं घालता येतं. इथे वर्तमानपत्र नाही, आणि डोकं घालायला जागा म्हणाल तर तिथे पातेलं आलेलं असतं.

निसर्गप्रेमी म्हणतील, या माणसाला जगातला सर्वात देखणा रस्ता दिला आणि याचं लक्ष कॅसेटवर. आक्षेप रास्त आहे, पण निसर्गाला तो मान्य नाही. तो चारचौघांसारखा काचेपलीकडून पाहत बसत नाही. तो गाडीत येतो. फिऑर्डलंड या भागातल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आपल्या आंबोलीच्या जातकुळीचा, आणि आंबोलीत जे टॉवेलाचं होतं तेच तिथे होतं. टे अनाऊ गावाहून तिकडे जाणारा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता वाटेत होमर बोगद्यातून जातो. १९५४ साली वाहतुकीला खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरभर लांब, काळ्या खडकात खोदलेला आणि समुद्राकडे सरळ उतरत जाणारा. त्याच्या तोंडाशी गाडी थांबली, की किआ येतो. हा डोंगरी पोपट आहे; मोटारीशी त्याचा संबंध एवढाच, की तो ती खातो. वायपरचं रबर, काचेच्या कडेची पट्टी, अँटेना, जे निघेल ते. पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि तो पाहुण्यांची गाडी काढतो. पश्चिम किनाऱ्यावर उतरावं, तर चावरी माशी. तिला माओरी भाषेत ‘नामू’ म्हणतात. नाव एखाद्या गरीब गड्याचं वाटतं, पण याच नामूने १७७३ साली डस्की साउंडमध्ये कॅप्टन कुकच्या माणसांना हैराण केलं होतं. माओरी कथेनुसार फिऑर्डलंड घडवून झाल्यावर ते इतकं सुंदर निघालं, की माणसं तिथून हलणारच नाहीत असं मृत्युदेवतेला वाटलं, म्हणून तिने या माशा सोडल्या. अत्यंत व्यवहारी देवता. सौंदर्याच्या शेजारीच उठून कामाला लागायची व्यवस्था करून ठेवणारी. दार चटकन लावणं, ओले कपडे आत घेणं, पट्टी शाबूत आहे का पाहणं, या कामांतूनच तो मुलूख कळतो. हॉटेलच्या खिडकीतून पाऊस दिसतो. गाडीत तो आवरावा लागतो.

दुसरा आक्षेप हिशेबी आहे: निदान स्वस्त तरी पडतं ना? राहणं आणि प्रवास एकाच भाड्यात. हा हिशेब मांडणारा डिझेलच्या पंपावर खूश होतो, कारण तिथे डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त दिसतं. त्या देशात डिझेलगाड्यांचा रस्त्याचा कर इंधनाच्या दरात नसतो, तो किलोमीटरच्या हिशेबाने वेगळा घेतात, हे गाडी परत करताना समजतं. वीज हवी तर वीज असलेली जागा, वीज असलेल्या जागेचं भाडं. कपडे धुवायचे तर यंत्रात टाकायची नाणी. घरून मसाले, लोणची, लाडू नेऊन जेवणाचा खर्च वाचवावा, तर विमानतळावरच तिथली जैवसुरक्षा हात पुढे करते. खाद्यपदार्थ आणल्याचं अर्जात लिहिलं नाही आणि सापडलं, तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. बुटाच्या तळव्याची माती सुद्धा दाखवावी लागते. म्हणजे आपल्या घरात पाहुण्याने पायपुसण्यावर पाय पुसावेत अशी ज्यांची आयुष्यभर अपेक्षा होती पण पुसताना स्वतः कधी वाकले नव्हते, ते तिथे रांगेत उभे राहून बूट खरवडतात. पैसे वाचत नाहीत. ते हॉटेलच्या खात्यातून शिक्षणाच्या खात्यात जातात, एवढंच.

मग मित्रच कशाला? बायकोबरोबर जावं, नाहीतर एकट्याने. तर एकट्याला धडा मिळत नाही, कारण सगळी कामं त्याचीच असतात. तो थकतो, पण चकित होत नाही. बायकोबरोबर गेलं, तर वीस वर्षांची कामवाटणी सामानाबरोबर गाडीत चढते. पहिल्या सकाळी ‘चहा झाला का?’ या प्रश्नाला खरोखर चहा येतो आणि शाळा भरायच्या आधीच सुटते. मित्राचं तसं नाही. त्याची आणि आपली दोस्ती तीस वर्षांची असली, तरी ती टपरीवरची, लग्नसराईतली, रात्रीच्या गप्पांमधली. कप कुणी विसळायचा हा प्रश्न त्या मैत्रीत कधी उपस्थितच झाला नाही, कारण टपरीवर एक पोऱ्या होता. भांडायचे सुद्धा नियम ठरलेले नाहीत. नवराबायकोला भांडण कुठून सुरू करून कुठे सोडायचं ते ठाऊक असतं. दोन मित्रांना ओल्या टॉवेलावरून भांडायची लाज वाटते, म्हणून ते नकाशावरून भांडतात, देशाच्या अर्थकारणावरून भांडतात आणि तिसऱ्या दिवशी, हास्ट गावाच्या आसपास, टॉवेलावर येतात. तिथून पुढे प्रवास चांगला होतो. कारण त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी कर्त्यासकट वाक्य बोलतं: ‘आज पाणी मी भरतो, कॅसेट तू ने.’ इतक्या साध्या वाक्याला पन्नास वर्षं का लागली, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही.

दोन मैत्रिणी गेल्या तर काय, असंही कुणी विचारील. त्यांच्यापुढे माझा सिद्धांत गळपटतो, हे मान्य करतो. पाणी कुठून येतं हे त्यांना घरीच ठाऊक असतं, त्यामुळे जे काम शिकायला दोन मित्रांना आठवडा लागतो ते अर्ध्या तासात उरकून त्या बाहेर खुर्च्या टाकून बसतात आणि चक्क पर्वत पाहतात. घरीही स्वतःच चहा टाकणारे, भांडी घासणारे पुरुष असतात. त्यांनीही खुशाल पर्वत पाहावेत. किंबहुना हा माझ्या म्हणण्याचा पुरावाच झाला. निसर्ग त्यालाच दिसतो ज्याचा गृहपाठ झालेला असतो. बाकीच्यांसाठी मराठी यात्रा कंपन्या आहेतच. त्या परदेशातही सकाळी पोहे देतात, सणाला पुरणपोळी देतात, आणि तिथे हिमनदीच्या पायथ्याशीही चहा आपोआप होतो.

आपल्याकडेही ही गाडी आता येऊ घातली आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि कोकणचा किनारा व सह्याद्रीचे घाट एका फेरीत पाहायचे तर याहून चांगलं साधन नाही, यात वाद नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे अशी गाडी बऱ्याचदा चालकासकट मिळते आणि सोबत एखादा मदतनीस असला तर उत्तमच, असं बुकिंग करतानाच विचारलं जातं. म्हणजे १८८५ सालचा गाडीवान आणि तीनचाकीवाला नोकर आपण पुन्हा गाडीत चढवले. एकदा ते चढले की ती गाडी कितीही आरामाची असो, तिचं हॉटेल झालं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो. मेंढरं घेऊन वर्षातले कित्येक महिने मुलूख पालथा घालणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असतं, आणि त्यातलं भांडं कुठे आहे, पाणी कुठे लागेल, हे घरातल्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी ही भटकंती हौस म्हणून पत्करलेली नाही, म्हणून तिचं कौतुक करायचा आगाऊपणा करत नाही. पण बिऱ्हाड या शब्दात पाठ आपली असते, हे विसरू नये.

तेव्हा ज्या दोन मित्रांनी असा बेत केला आहे, त्यांनी जरूर जावं, ड्रायव्हर न घेता जावं, आणि पर्वत दिसले नाहीत म्हणून खट्टू होऊ नये. परत येताना एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. गाडी सोपवताना कंपनीचा माणूस सगळं पाहून घेतो: सांडपाण्याची टाकी रिकामी आहे का, कॅसेट विसळली आहे का, भांडी घासून जागेवर आहेत का, केर काढला आहे का. यातलं एखादं राहिलं असेल तर त्याचा आकार लावतो, आणि तो मुकाट्याने भरावा लागतो. घरी हीच सगळी कामं रोज कुणीतरी करतं. तिथे आकार लावत नाहीत.